पालकाच्या पानातलं पिवळं

सकाळी उठल्यापासून दहा वाजेपर्यंत मी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे खूणही करत नाही आणि चिठ्ठीही लिहीत नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा माझी शाळा दुपारची, त्यामुळे नेम निभावला. नोकरी संपली तरी नेम सुटला नाही. घराला सवय झाली आहे. दारावर कोणी आलं तर दुसरं कोणी तरी जातं, दूध उतू जायला लागलं तर मी पळत जाऊन गॅस बंद करते, पण "अरे देवा" म्हणत नाही. सासूबाई म्हणतात, "मोठीचं मौन म्हणजे आम्हाला रोजची अर्धी सुट्टी."

माझी धाकटी जाऊ याच्या अगदी उलट. ती उठते ती बोलतच उठते. पण हे सगळं घरात. चार अनोळखी माणसं समोर आली आणि त्यातल्या एकाने जरी मध्येच अडवलं, की तिच्या तोंडाला कुलूप लागतं. धाकटे भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, तिला चिडवतात, "घरात रेडिओ, बाहेर फोटो."

जीवरसायनात ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली. मग लग्न, मग दोन मुली, आणि पुस्तकं माळ्यावर. मुली शाळेत जायला लागल्यावर तिने एका महाविद्यालयात प्रात्यक्षिकं शिकवण्याच्या जागेसाठी मुलाखत दिली. सुरुवात छान केली होती म्हणे. मुलाखतीतल्या एका गृहस्थांनी मध्येच विचारलं, "थांबा, पिगमेंट आणि क्रोमोफोर यात फरक काय?" ती थांबली. ती थांबलीच. पेलाभर पाणी प्यायली आणि घरी आली. तो फरक तिला झोपेतही सांगता आला असता. घरी येऊन तिने तो मला तीनदा सांगितला, रडत रडत.

यंदा दुसऱ्या एका महाविद्यालयात तशीच जागा निघाली. या खेपेला मामला निकराचा होता, कारण वयाची अट. पुढच्या वर्षी ती त्या अटीच्या पलीकडे जाणार होती. ही संधी गेली असती, तर शिकलेलं सगळं माळ्यावरच राहिलं असतं. ती हे हसत हसत सांगायची, पण सांगताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

मुलाखतीत पंधरा-वीस मिनिटांचा धडा घ्यायचा होता, प्रयोग करून. विषय त्यांनीच दिलेला: सजीवांमधली रंगद्रव्यं.

एका सकाळी मी देवापुढून उठून स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नाम घेत बसले होते. ती समोर येऊन बसली, वही बंद केली आणि म्हणाली, "ताई, तुम्ही मला अडवू शकत नाही ना? मग मी तुम्हालाच शिकवते."

आणि ती सुरू झाली. रंगद्रव्य म्हणजे काय, पानं हिरवी का, गाजर केशरी का. न अडखळता. मी मणी ओढत होते आणि ऐकत होते. शाळेत मीही जीवशास्त्रच शिकवलेलं, तेव्हा कानावर पडत होतं ते ओळखीचं होतं, पण ती त्याच्या आतल्या खोल्यांमध्ये फिरत होती. मी फार तर अंगणापर्यंत गेलेली.

तो तिचा परिपाठच झाला. रोज सकाळी माझं मौन आणि तिचा तास. दहा वाजले की मी पहिलं बोलायची ते तिच्या धड्यावर.

"तू घाई करतेस. मूल 'कॅरोटीन' शब्द लिहून घेईपर्यंत तू टोमॅटोवर पोचलेली असतेस."

"पण बरोबर होतं ना? तुमची मान हलत होती."

"अगं, माझी मान नामाबरोबर हलते. तुझ्या क्लोरोफिलशी तिचा काही संबंध नाही."

"नाही हो ताई, मला कळतो फरक. नामाची मान वेगळी आणि धड्याची वेगळी. आणि चुकलं की तुमच्या कपाळाला आठी पडते."

मी हसून सोडून दिलं. ते सोडून द्यायला नको होतं, हे पुढे कळलं.

दुपारी भाज्या निवडताना उजळणी चालायची, तेव्हा सासूबाईही असायच्या. त्यांचा शिक्षणाशी संबंध चौथीनंतर सुटलेला, पण नात्यागोत्यात त्यांना कोणी हरवू शकत नाही. चार पिढ्यांची चुलत-मावस नाती त्यांना पाठ.

जाऊ सांगत होती, "कॅरोटिनॉइड आणि कॅरोटीन हे मुलं हमखास एकच समजतात."

"का, काय वेगळं आहे त्यात?" सासूबाईंनी वाटाण्याची शेंग फोडत विचारलं.

"आई, कॅरोटिनॉइड म्हणजे सगळं कुटुंब. त्यात दोन शाखा. एक कॅरोटीनांची, एक झँथोफिलांची."

"मग सरळ सांग ना. कॅरोटिनॉइड हे आडनाव. कॅरोटीन आणि झँथोफिल या दोन भावांच्या दोन पात्या."

जाऊने वाटाणे बाजूला ठेवून ते लिहून घेतलं. मग रोज दुपारी सासूबाईंपुढे एकेक जोडी यायला लागली. फुलांमधलं अँथोसायनिन आणि अँथोसायनिडिन. मूळ रेणू तोच, त्याला साखर जोडलेली असली तर अँथोसायनिन, साखर नसेल तर अँथोसायनिडिन.

"म्हणजे साखर लागली की नाव बदललं. लग्न झालं म्हणायचं."

"आणि साखर सुटली तर?"

"माहेरी आली. मूळचं नाव लागलं." त्यांनी वाटाण्याकडे बघतच निकाल दिला.

रक्तातलं हीम आणि पानातलं क्लोरोफिल यांची कडी जवळपास सारखी, एकीच्या मध्यभागी लोह आणि दुसरीच्या मध्यभागी मॅग्नेशियम. हे ऐकून त्या म्हणाल्या, "मावसबहिणी. तोंडवळा एक, घरं वेगळी." आणि हीम वेगळं, हिमोग्लोबिन वेगळं, कारण हीमला प्रथिनाची सोबत मिळते तेव्हा त्या जोडीला हिमोग्लोबिन म्हणायचं, हेही त्यांनी चटकन मान्य केलं. "जोडप्याला एक नाव असतंच."

अडलं ते त्याच जुन्या प्रश्नापाशी. पिगमेंट आणि क्रोमोफोर. जाऊने सांगितलं, की रंगद्रव्य म्हणजे सगळा रेणू. त्यातला जो भाग प्रत्यक्ष उजेड टिपतो तेवढाच क्रोमोफोर. सांगताना तिचा आवाज बारीक झाला. तो प्रश्न तिच्या पोटात अजून बसलेला होता.

सासूबाईंनी थोडा विचार केला. "घराची बेल वाजते. घरात माणसं सात. दार उघडायला उठतं कोण?"

"मी," जाऊ म्हणाली.

"तू नाही तर ही मोठी. बाकीचे बसलेले. तर उठतो तो तुझा क्रोमो की कोण. आणि सातही जण मिळून ते दुसरं."

"आई, पण बाकीचेही लागतात हो. त्यांच्यामुळे कोणत्या रंगाचा उजेड टिपायचा ते थोडंफार बदलतं."

"लागतात ना. बेल वाजली की 'अगं बघ गं कोण आहे' असं ओरडायला लागतात," असं म्हणून त्यांनी सुट्टी म्हणून आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेल्या आपल्या दोन्ही मुलांकडे मान वळवली. आतून पेपर उलटल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून जाऊला तो प्रश्न सांगताना हसू यायला लागलं. मी देवाचे आभार मानले. ज्या प्रश्नाने रडवलं त्यानेच हसवावं, यापेक्षा मोठं काय मागायचं.

धाकटे भाऊजी रंगांच्या दुकानात असतात, भिंतींचे रंग कालवून देतात. जेवताना त्यांनी वेगळंच भांडण काढलं.

"क्लोरोफिलला तू पिगमेंट कसं म्हणतेस? आमच्याकडे पिगमेंट म्हणजे पावडर. तेलात टाका, पाण्यात टाका, विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. विरघळतो त्याला आम्ही डाय म्हणतो. तुझं क्लोरोफिल ॲसिटोनमध्ये विरघळतं. मग ते डाय झालं."

"दुकानात असेल," जाऊ म्हणाली. "आमच्याकडे विरघळण्यावर काही नाही. जिवंत पेशीने स्वतः बनवलेलं आणि रंग असलेलं, ते पिगमेंट."

"म्हणजे एकाच शब्दाला दोन दुकानांत दोन भाव."

"तुमच्या दुकानात यायच्या आधीपासून पानं हिरवी होती, भाऊजी," मी म्हणाले. हे दहाच्या नंतरचं, रात्रीच्या जेवणाचं.

"झालं! वहिनी तिच्या पार्टीत गेल्या," ते म्हणाले आणि त्यांनी आणखी भात मागितला.

मग मुलाखतीच्या आठवड्यात धाकट्या पुतणीचा कान दुखायला लागला. रात्रभर आम्ही दोघींनी आळीपाळीने तिला मांडीवर घेतलं. पहाटे तिला झोप लागली. मी आंघोळ करून, दिवा लावून टेबलाशी बसले. जाऊही आली, डोळे तारवटलेले, पण तास चुकवायचा नाही म्हणून आली. ती बोलत होती. खिडकीतून ऊन माझ्या पाठीवर येत होतं. मला आठवतं ते एवढंच. ती काय बोलली आणि मी त्यातलं किती ऐकलं, ते विचारू नका.

मुलाखत सकाळी लवकर होती. भाऊजींना दुकानातून सुट्टी नव्हती. जाऊ आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आली.

"ताई, तुमचं मौन असेल मला माहितेय. तरी चला. तुम्ही नुसत्या बसा. मी समजेन की आपल्या टेबलाशी बसलेय."

मी जपमाळ घेऊन गेले. फाटकावरच्या रखवालदाराने मला विचारलं, "तुम्ही कोणाकडे?" मी गप्प. जाऊ म्हणाली, "माझ्या जाऊबाई आहेत. त्या बोलत नाहीत." त्याने माझ्याकडे फार कळवळून बघितलं आणि स्वतः पुढे होऊन आम्हाला जिन्यापर्यंत सोडलं.

प्रयोगशाळा लांबट होती. भिंतीला लागून ओटे, ओट्यांवर नळ, वर कपाटात काचेची भांडी. सुट्टीचा शेवटचा आठवडा, त्यामुळे विद्यार्थी कोणी नाही. मुलाखत घ्यायला तिघे होते. त्यातल्या प्राचार्यांनी रिकाम्या बाकांकडे बघितलं आणि म्हणाले, "सोबत आलेल्या मंडळींनी मागे बसून घ्या. वर्ग भरलेला दिसू दे. आज तुम्ही विद्यार्थी."

त्यांच्या शेजारी बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या. पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. त्या म्हणाल्या, "नुसते शोभेचे विद्यार्थी नकोत हं. शंका आली तर हात वर करून विचारा. मला बघायचंय, शिकवणारा माणूस शंकेला कसा सामोरा जातो."

जाऊने वळून माझ्याकडे बघितलं. तिचा रंग उतरला होता.

माझ्या बाकावर एका उमेदवार मुलीचे सासरे होते. जाऊने त्यांनाही "त्या बोलत नाहीत" म्हणून सांगितलेलं, त्यामुळे ते माझ्याशी हातवारे करून बोलायला लागले. पंखा सुरू करू का, पाणी हवं का, सगळं खुणेने. मला हसू आवरेना, पण नेम म्हणजे नेम.

आधी एका मुलाचा धडा झाला. त्याने पडद्यावर चित्रं दाखवली, फार सफाईदार. शंका विचारायला जागाच ठेवली नाही. त्या सासऱ्यांची सून छान बोलली, पण तिचं परीक्षानळीतलं द्रावण सांडलं आणि ती हिरमुसली. मग जाऊ उभी राहिली.

तिने पालकाची पानं फाडून खलात घातली, चिमूटभर वाळू आणि थोडं ॲसिटोन घालून घोटली. हिरवागार रस झाला. गाळणकागदाच्या लांब पट्टीवर, खालच्या टोकापासून जरा वर, त्या रसाचा ठिपका दिला. वाळवला, पुन्हा दिला. मग एका उंच बरणीत तळाला पेट्रोलियम ईथर आणि थोडं ॲसिटोन घालून तिने पट्टी त्यात लोंबती सोडली, ठिपका बुडणार नाही अशी. झाकण लावलं.

"पान हिरवं दिसतं," ती म्हणाली, "म्हणून आपल्याला वाटतं, आत एकच रंगद्रव्य आहे. थोडं थांबू. द्रावण कागदावरून वर चढेल, आणि जो तो रंग आपापल्या वेगाने त्याच्यामागे जाईल."

ती चांगली शिकवत होती. घाई नव्हती. हात हिरवे झाले होते आणि आवाज आमच्या टेबलाशी असतो तसा होता. तिने आडनावाची गोष्ट सांगितली, दोन भावांच्या पात्या सांगितल्या. प्राचार्यांनी मान डोलावली. पट्टीवर रंग सुटे व्हायला लागले. सगळ्यांत वर केशरीकडे झुकणारी पिवळी रेघ, तिच्याखाली पिवळी, मग निळसर हिरवी, मग पिवळट हिरवी.

"कागद हा ऑक्सिजनवाल्या रेणूंना धरून ठेवतो," ती म्हणाली. "ज्यात ऑक्सिजन नाही ते सटकतात. आता दोन शाखांतला फरक. कॅरोटीनमध्ये ऑक्सिजन असतो, झँथोफिलमध्ये नसतो."

माझा हात मण्यावर थांबला.

हे उलटं होतं. एवढं तर मलाही शाळेपासून माहीत. कॅरोटीन म्हणजे नुसतं कार्बन आणि हायड्रोजन. ऑक्सिजन असतो तो झँथोफिलात. परीक्षक बाईंनी चष्मा डोळ्यांना लावला आणि काही तरी लिहिलं.

जाऊने माझ्याकडे बघितलं. नेहमी बघते तसं, मान हलते का बघायला.

मी मान धरून ठेवली. हलवली असती तर ते खोटं झालं असतं. आठी पाडली असती तर ते परीक्षेत कानात उत्तर सांगण्यासारखं. आणि गप्प बसले असते तर ती तशीच पुढे गेली असती, आणि ही शेवटची जागा त्या एका वाक्यावर गेली असती. पण मध्येच अडवलं की तिचं काय होतं हे घरात माझ्याइतकं कोणाला ठाऊक? भिंतीवर घड्याळ होतं. दहा वाजायला बराच अवकाश होता.

मी मौन धरलं ते आपल्या जिभेने कोणी दुखावू नये म्हणून. त्या दिवशी बोलले तरी दुखावणार होतं आणि न बोलले तरी. मी मनात देवाला म्हटलं, आजचा दिवस तुझ्याकडे जमा कर, मी उद्यापासून पुन्हा सुरुवात करीन. आणि हात वर केला.

माझ्या बाकावरचे सासरे घाबरून इकडेतिकडे बघायला लागले, हिला काय हवंय म्हणून.

"विचारा," परीक्षक बाई म्हणाल्या.

मी उभी राहिले. "मॅडम," मी म्हणाले. सासरे बाकावरून दचकून सरकले. "मॅडम, कागद ऑक्सिजनवाल्यांना धरून ठेवतो असं तुम्ही सांगितलंत. कॅरोटीनमध्ये ऑक्सिजन असतो असंही सांगितलंत. मग कॅरोटीन सगळ्यांच्या पुढे कसं गेलं?"

जाऊ माझ्याकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले आणि मिटले. तोच चेहरा. मागच्या खेपेला घरी आली होती तोच. तिचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. प्रयोगशाळेत कुठला तरी नळ थेंब थेंब गळत होता. मला वाटलं, मी हिचं वाटोळं केलं.

पेल्यापर्यंत गेलेला हात तिथून बरणीकडे वळला. तिने झाकण काढलं, चिमट्याने पट्टी उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. कितीतरी वेळ ती त्या पट्टीकडे बघत होती. मग म्हणाली,

"मी उलटं सांगितलं."

तिने पट्टी आमच्याकडे वळवली.

"कागद बरोबर आहे, मी चूक. ही वरची रेघ कॅरोटीनची. त्यात ऑक्सिजन असता तर ते इतकं वर आलंच नसतं. कॅरोटीन म्हणजे नुसते कार्बन आणि हायड्रोजन. त्याला कागदाशी काही देणंघेणं नाही, ईथरचं बोट धरून ते सुसाट निघून गेलं. त्याच्याखाली झँथोफिल. याच्यात ऑक्सिजन आहे, म्हणून ते कागदात जरा रेंगाळलं. ही निळसर हिरवी रेघ क्लोरोफिल ए, आणि सगळ्यांच्या मागे क्लोरोफिल बी. या दोघांत फरक एवढाच, की 'बी'जवळ एक ऑक्सिजन जास्त आहे. तेवढ्यासाठी ते मागे राहिलं." तिने श्वास घेतला. "आता वहीत आधीचं वाक्य खोडा आणि हे लिहा. किंवा खोडू नका. शेजारी पट्टी चिकटवा, म्हणजे कोणाचं ऐकायचं ते लक्षात राहील."

परीक्षक बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि त्याच दमात विचारलं, "पिगमेंट आणि क्रोमोफोर. फरक?"

मी डोळे मिटून घेतले.

"घराची बेल वाजते," जाऊ म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं. मग तिने सात माणसं सांगितली, दार उघडायला उठणारं एक सांगितलं, आणि बाकीच्या सहांमुळे त्या एकाच्या उठण्यात काय फरक पडतो तेही सांगितलं. कॅरोटीनमध्ये कार्बनच्या एकाआड एक दुहेरी बंधांची लांब साखळी हाच क्रोमोफोर, क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियम बसलेली कडी हा क्रोमोफोर आणि तिची लांब शेपटी फक्त तिला जागेवर टांगून ठेवायला, हे सगळं तिने फळ्यावर काढून दाखवलं. प्राचार्य म्हणाले, "आमच्याकडे बेल वाजली की कोणीच उठत नाही. त्याला काय म्हणायचं?"

"बिनरंगी रेणू, सर."

ते हसले तेव्हा सगळेच हसले. परीक्षक बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही यांच्या कोण?"

"मोठी जाऊ."

"जावा जावा आणि उभा दावा असं ऐकलं होतं," प्राचार्य म्हणाले. "पण दावा इतका नेमका?"

तेवढ्यात जाऊचा बांध फुटला. "पण ताई, तुम्हीच तर मान हलवली होतीत! मी विचारलं होतं, कॅरोटीनमध्ये ऑक्सिजन असतो, झँथोफिलमध्ये नसतो, बरोबर ना? चांगली जोरात हलवलीत. म्हणून मी पुस्तकसुद्धा उघडलं नाही."

"कधी गं?"

"छोटीचा कान दुखत होता ना, त्या सकाळी."

मला ते ऊन आठवलं. "अगं," मी म्हणाले, "मी झोपले होते."

प्राचार्यांनी रुमाल तोंडाला लावला. सासरे मोठ्याने हसले आणि मग त्यांना वाटलं, आपण हसायला नको होतं. परीक्षक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या जाऊला म्हणाल्या, "पुस्तक उघडायला हवं होतं."

"हो," जाऊ म्हणाली. "चुकलं."

आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. व्हरांड्यातल्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली आणि हिरवी बोटं मांडीवर पसरून बघत राहिली. पडद्यावर चित्रं दाखवणारा मुलगा समोर फेऱ्या घालत होता. त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं.

"तुमचा नेम मोडला," ती हळूच म्हणाली.

"मोडला."

"माझ्यामुळे."

"मी बोलले ते माझं मी बोलले. तू त्याचं ओझं घेऊ नकोस. तुला राग आला?"

"आधी आला. वाटलं, तुम्हीसुद्धा?" तिने नखातलं हिरवं कोरलं. "मग तुम्ही 'मॅडम' म्हणालात ते कानात राहिलं. मॅडमनी असं पाणी पिऊन घरी जायचं नसतं ना."

दार उघडलं आणि परीक्षक बाई स्वतःच बाहेर आल्या. त्या मुलाजवळ जाऊन त्यांनी त्याची स्तुती केली, त्याला पुढच्या जागेसाठी नक्की अर्ज करायला सांगितलं, त्याचं वय लहान होतं. मग आमच्याकडे आल्या. जाऊ उभी राहिली.

"सफाईने शिकवणारे मला पुष्कळ मिळतात," त्या म्हणाल्या. "पण मुलांचे प्रयोग निम्मे वेळा उलटेच येतात. तेव्हा पुस्तकाची बाजू न घेता बरणीकडे बघणारं कोणी तरी तिथे हवं असतं. तुम्ही बरणीकडे बघितलंत. आमचं तिघांचं ठरलंय, सोमवारपासून या. आणि धडा घेण्याआधी पुस्तक बघत जा, जाऊबाई जाग्या असोत नाही तर झोपलेल्या."

"हो मॅडम," जाऊ म्हणाली. बाकी तिला काही सुचेना. पण हे कुलूप वेगळं होतं, मला फरक कळला.

शिपायाने तिला प्रयोगशाळेची किल्ली कोणत्या खिळ्यावर असते ते दाखवलं. मी म्हटलं, चल, घरी सगळे वाट बघत असतील. तर ती परत आत शिरली.

"आता काय?"

"खल तसाच पडलाय, ताई. हिरवं वाळलं की निघत नाही. आणि ईथरची बरणी उघडी ठेवून कसं चालेल?"

"अगं, शिपाई करेल."

"करेल ना. पण सोमवारी मुलांना मीच सांगणार, आपापलं घासून ठेवा म्हणून." तिने बाह्या वर केल्या, उरलेलं द्रावण ओट्याखालच्या डब्यात जपून ओतलं आणि नळ सोडला. ती पुन्हा रेडिओ झाली होती. पहिल्या तासाला काय घ्यायचं, गाळणकागद कुठून मागवायचा, तो गळका नळ कोणाला सांगायचा, सगळं एका दमात.

मी खुंटीवरचं फडकं घेतलं आणि ती धुऊन देईल तसतशी भांडी पुसायला लागले.